विद्युत सेडान आणि पारंपरिक हलक्या स्पोर्ट्स कार

विद्युत सेडान (येथे विजेवर चालणारी, चार दारांची व अतिवेगवान मोटार अशा अर्थाने) आणि पारंपरिक हलकी स्पोर्ट्स कार हे वेगवान मोटारींचे दोन भिन्न प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात टेस्ला मॉडेल एस प्लेड, पोर्शे टायकान, ल्युसिड एअर सफायर, लोटस एमेया इत्यादी मोटारी येतात. त्यांचे वजन साधारणपणे दोन ते अडीच टन असून शक्ती पाचशेपासून हजाराहून अधिक अश्वशक्तीपर्यंत असते. दुसऱ्या प्रकारात लोटस सेव्हन, लोटस एलान, लोटस एलिस, माझदा एमएक्स-५ यांसारख्या बहुधा दोन आसनी, पेट्रोलवर चालणाऱ्या व सुमारे एक टन किंवा त्याहून कमी वजनाच्या मोटारींचा समावेश होतो. थांबलेल्या स्थितीतून वेग घेण्यात पहिल्या प्रकाराने दुसऱ्याला केव्हाच मागे टाकले आहे. तथापि त्या एका आकड्यावरून दोन्ही प्रकारांची तुलना पूर्ण होत नाही. वळण घेणे, वेग आवरणे आणि चालकाला रस्त्याची जाणीव करून देणे या बाबतींत वजनाचा प्रश्न शक्ती वाढवून सुटत नाही, हा या तुलनेतील कळीचा मुद्दा होय.

हलक्या मोटारींची परंपरा

हलक्या स्पोर्ट्स कारची कल्पना एका व्यक्तीची नसली, तरी ती तत्त्वाच्या पातळीवर नेण्याचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश अभियंते कॉलिन चॅपमन (१९२८–१९८२) यांना दिले जाते. लोटस कंपनीचे संस्थापक असलेल्या चॅपमन यांच्या नावावर ‘आधी सोपे करा, मग हलके करा’ अशा आशयाचे एक सूत्र सांगितले जाते. ते त्यांनी नेमके कोणत्या शब्दांत मांडले याबद्दल मतभेद असले, तरी त्यांच्या मोटारी त्या सूत्राबरहुकूम घडलेल्या आहेत. शक्ती वाढवली की मोटार सरळ रस्त्यावर वेगवान होते. वजन घटवले की ती सर्वत्र वेगवान होते, असा या विचाराचा मथितार्थ आहे.

१९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही या विचाराची सर्वांत उघडीवाघडी आवृत्ती होती. दारे नाहीत, छप्पर नावापुरते, अंगावर मोजके पत्रे. १९७३ मध्ये तिच्या निर्मितीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि तेव्हापासून तीच मोटार थोड्याफार फरकाने आजतागायत तयार होत आहे. १९६२ च्या लोटस एलानमध्ये पोलादी कण्यासारख्या चासीवर फायबरग्लासची काया बसवलेली होती आणि तिचे वजन सातशे किलोच्या आत होते. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागो येथील प्रदर्शनात जपानच्या माझदा कंपनीने सादर केलेल्या एमएक्स-५ मोटारीमागे एलानचीच प्रेरणा होती. १.६ लिटरचे इंजिन, मागील चाकांना शक्ती आणि सुमारे साडेनऊशे किलो वजन एवढ्या भांडवलावर या मोटारीने मृतप्राय झालेला एक वर्ग पुन्हा उभा केला. २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. माझदाच्या अभियंत्यांनी या मोटारीचे ध्येय ‘जिनबा इत्ताई’ या जपानी शब्दप्रयोगात सांगितले आहे. घोडा आणि स्वार एकजीव होणे, असा त्याचा अर्थ. मांडेखालच्या घोड्याची चाल ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पारखली, त्याला हे रूपक समजावून सांगण्याची गरज नाही.

१९९६ मध्ये उत्पादनात आलेली लोटस एलिस ही या परंपरेची आधुनिक काळातील परिपक्व अवस्था मानली जाते. कंपनीचे तत्कालीन प्रमुख रोमानो आर्तिओली यांच्या एलिसा नावाच्या नातीवरून तिचे नाव ठेवण्यात आले. तिची चासी अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या जोडकाम न करता इपॉक्सी गोंदाने चिकटवून बनवलेली होती आणि तिचे वजन अवघे ६८ किलोच्या आसपास होते. संपूर्ण मोटारीचे वजन सुमारे ७२५ किलो भरत असे. इंजिन रोव्हर कंपनीचे, १.८ लिटरचे, ११८ अश्वशक्तीचे. म्हणजे साध्या कौटुंबिक मोटारीत शोभेल असे. स्टिअरिंगला कोणतेही यांत्रिक साहाय्य नव्हते, कारण पुढच्या चाकांवर इतका कमी भार होता की ते लागतच नव्हते. एक गोष्ट हलकी केली की तिला धरणारी दुसरी गोष्टही हलकी करता येते, आणि हे चक्र पुढे चालू राहते.

एकाच चासीतून निघालेल्या दोन वाटा

विद्युत सेडान आणि हलकी स्पोर्ट्स कार यांना सामान्यतः परस्परविरोधी समजले जाते. परंतु आजच्या विद्युत सेडानचा एक पूर्वज हलकी स्पोर्ट्स कारच होता, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते.

कॅलिफोर्नियातील एसी प्रॉपल्शन या छोट्या कंपनीने १९९७ साली ‘टीझीरो’ नावाची दोन आसनी विद्युत मोटार बनवली होती. तिच्यात प्रथम शिसे-आम्ल बॅटरी होत्या. २००३ मध्ये त्यांच्या जागी लॅपटॉप संगणकांत वापरले जाणारे लिथियम-आयन घट हजारोंच्या संख्येने बसवण्यात आले, तेव्हा मोटारीचे वजन सुमारे सव्वादोनशे किलोंनी कमी झाले आणि ती अधिक वेगवान ठरली. विद्युत मोटारींच्या नव्या पर्वाची सुरुवात अशी वजन घटवण्यातून झाली. त्याच वर्षी मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी टेस्ला कंपनी स्थापन केली.

टेस्लाची पहिली मोटार, २००८ ची रोडस्टर, लोटस एलिसच्या चासीत फेरफार करून बनवलेली होती. तिचे सांगाडे इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील हेथेल येथे, लोटसच्याच कारखान्यात तयार होत. त्यात ६,८३१ लिथियम-आयन घटांची सुमारे ५३ किलोवॅट-तासांची बॅटरी बसवली जाई. (एक किलोवॅट-तास म्हणजे घरगुती वीजबिलातील एक युनिट.) या बॅटरीचे वजन सुमारे ४५० किलो होते. परिणामी ७२५ किलोंच्या मोटारीवर आधारलेली रोडस्टर सुमारे १,३०० किलोंची झाली. ताशी ९६ किलोमीटरचा वेग ती चार सेकंदांच्या आत गाठत असे. मूळ एलिसला त्यासाठी सुमारे पावणेसहा सेकंद लागत. वजन जवळपास दुप्पट आणि वेग घेण्याचा काळ तरीही एक-तृतीयांशाने कमी, हा पुढील साऱ्या विद्युत मोटारींचा नमुना येथेच ठरून गेला.

दोन आसनी मोटारीत बॅटरीला जागा अपुरी पडते आणि तिचा भार लपत नाही. २०१२ मध्ये ग्राहकांच्या हाती आलेल्या मॉडेल एस या सेडानमध्ये टेस्लाने बॅटरी मोटारीच्या तळाशी, दोन्ही आसांच्या मध्ये सपाट पसरली. लांबलचक सेडानचा तळ हीच बॅटरीची नैसर्गिक जागा ठरली. विद्युत मोटारींचा वेग स्पोर्ट्स कारकडून सेडानकडे सरकण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

वजन कोठून येते

पेट्रोल आणि बॅटरी यांच्यातील तफावत आकड्यांनी स्पष्ट होते. ४० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ३० किलो भरते आणि त्यात सुमारे ३६० किलोवॅट-तास ऊर्जा असते. इंजिन तिच्यातील बरीचशी उष्णतेच्या रूपाने वाया घालवते. चतुर्थांश उपयोगी पडली असे धरले, तर ९० किलोवॅट-तास चाकांपर्यंत पोहोचतात. पोर्शे टायकानच्या पहिल्या पिढीतील मोठ्या बॅटरीची एकूण क्षमता ९३.४ किलोवॅट-तास होती. विद्युत मोटर ऊर्जेचा दहावा हिस्सादेखील फारसा वाया घालवत नसल्याने चाकांवर मिळणारी ऊर्जा दोन्हीकडे जवळपास सारखीच पडते. मात्र ३० किलो पेट्रोलचे काम करणाऱ्या या बॅटरीचे वजन ६३० किलो आहे, म्हणजे अख्ख्या एलिसहून केवळ ९५ किलोंनी कमी. शिवाय पेट्रोलची टाकी रिकामी होते तशी हलकी होते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचा भार तोच राहतो.

या हिशेबात पेट्रोल मोटारीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि धूरनळी यांचे वजन धरलेले नाही. ते धरल्यास अंतर कमी होते, पण मिटत नाही. जड बॅटरीला जड सांगाडा लागतो, त्या दोघांना आवरण्यास मोठे ब्रेक व रुंद चाके लागतात, आणि ती फिरवण्यास पुन्हा अधिक ऊर्जा लागते. एलिसमध्ये जे चक्र मोटारीला हलके करत गेले, तेच येथे उलटे फिरते.

मात्र पेट्रोलच्या मोटारीही हलक्या राहिलेल्या नाहीत. अपघातातील सुरक्षेचे नियम, हवेच्या पिशव्या, बाजूच्या धडकेसाठीचे आडवे खांब, वातानुकूलन यांमुळे १९६२ च्या एलानच्या वजनात आज मोठ्या प्रमाणावर विकता येईल अशी मोटार बनवणे जवळपास अशक्य आहे. सारा दोष बॅटरीच्या माथी मारणे त्यामुळे न्याय्य ठरत नाही.

सरळ रेषेतील त्वरण

पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोर मिळवण्यासाठी फेऱ्या वाढवाव्या लागतात, क्लच सोडावा लागतो, गिअर बदलावे लागतात. विद्युत मोटर जवळजवळ पहिल्या फेरीपासून पूर्ण पीळ, म्हणजे टॉर्क, देते. पुढील व मागील आसांना स्वतंत्र मोटरी असल्या की चारही टायरांची पकड एकाच वेळी वापरता येते आणि चाक घसरू लागताच काही सहस्रांश सेकंदांत शक्ती कमी-अधिक करता येते. वजनाचा तोटा येथे फारसा जाणवत नाही, कारण टायरवर भार वाढला की त्याची पकडही बऱ्याच अंशी वाढते.

२०२१ मधील मॉडेल एस प्लेड ही तीन मोटरींची, १,०२० अश्वशक्तीची आणि सुमारे २,१६० किलोंची सेडान होय. टनामागे तिची शक्ती सुमारे ४७० अश्वशक्ती पडते. मूळ एलिसची सुमारे १६०. वजनाच्या मानाने शक्ती हेच हलक्या मोटारीचे परंपरागत बलस्थान होते आणि तेथेच जड सेडान तिच्या तिप्पट पुढे गेली. ताशी ९६ किलोमीटरचा वेग सुमारे दोन सेकंदांत, असे प्लेडबद्दल सांगितले जाते. हा आकडा अमेरिकी शर्यतपट्टीच्या प्रथेप्रमाणे पहिल्या सुमारे तीस सेंटिमीटर अंतराचा काळ वगळून काढलेला आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. युरोपीय कंपन्यांचे ताशी शंभर किलोमीटरपर्यंतचे आकडे त्याच्याशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

वेग वाढत जातो तसा विद्युत मोटरीचा जोर उतरत जातो. त्यावर टेस्लाने अतिशय वेगाने फिरणारी, कार्बन तंतूंच्या वेष्टनातील मोटर हा उपाय योजला, तर पोर्शेने टायकानच्या मागील आसावर दोन गतींचा गिअरबॉक्स बसवला.

वळण, टायर आणि ब्रेक

शालेय भौतिकशास्त्रातील सूत्र लावले, तर वळणावरील कमाल वेग वस्तुमानावर अवलंबून नसतो. घर्षण आणि आवश्यक बल दोन्ही वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतात आणि वस्तुमान सूत्रातून निघून जाते. परंतु रबरी टायर या सूत्राला पुरता बांधील नाही. त्यावरचा भार दुप्पट केला, तर पकड दुपटीहून कमी वाढते. म्हणून जड मोटारीला तेवढ्याच वेगाने वळण घेण्यास प्रमाणाबाहेर रुंद आणि मऊ टायर लागतात. मूळ एलिसचे मागचे टायर २०५ मिलिमीटर रुंद होते. प्लेडचे २१ इंची चाकांवरील मागचे टायर २९५ मिलिमीटरचे आहेत. असे टायर महाग असतात व लवकर झिजतात.

एकाच दिशेने सलग जाणाऱ्या लांब वळणावर विद्युत सेडान आपले वजन बरेच झाकते. तळाशी असलेल्या बॅटरीमुळे तिचा गुरुत्वमध्य खाली असतो, ती फारशी कलत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळी शक्ती देऊन तिला वळणात ढकलता येते. डावे-उजवे वळण लागोपाठ आले की मात्र जडत्व समोर येते. घाटरस्त्यावर किंवा अरुंद मार्गावर दिशा झटपट बदलताना हलक्या मोटारीला जे सहज जमते, त्यासाठी सेडानला मागची चाके वळवणारी यंत्रणा, हवेवरचे सस्पेन्शन आणि संगणक यांची मदत घ्यावी लागते.

ब्रेकच्या बाबतीत फरक आणखी उघड आहे. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, चालकासह ८०० किलोंच्या मोटारीची गतिज ऊर्जा १० लाख ज्यूल भरते. सव्वादोन टनांच्या सेडानमध्ये ती २८ लाख ज्यूलांच्या वर जाते, आणि प्रत्येक वळणापूर्वी तिचा बराचसा भाग कोठेतरी जिरवावा लागतो. विद्युत मोटार तिच्यातील काही हिस्सा पुन्हा बॅटरीत भरते, हा तिचा निर्विवाद लाभ आहे; टायकानची ही क्षमता पहिल्या पिढीत २६५ किलोवॅटपर्यंत होती. रोजच्या वापरात ब्रेकच्या चकत्यांना त्यामुळे फारसे काम पडत नाही. शर्यतमार्गावर मात्र चकत्यांची गरज टळत नाही, आणि प्लेडसाठीही टेस्लाला पुढे कार्बन-सिरॅमिक ब्रेकचा संच उपलब्ध करून द्यावा लागला.

उष्णता आणि नुर्बुर्गरिंग

जुन्या मॉडेल एस मोटारी शर्यतमार्गावर काही मिनिटे जोरात पळवल्या की बॅटरी व मोटर तापून शक्ती आपोआप कमी होत असे. एका झेपेत अजिंक्य आणि तिसऱ्या फेरीत थकलेली, अशी तेव्हाच्या विद्युत सेडानची ख्याती होती. २०१९ मध्ये आलेल्या टायकानने ८०० व्होल्टची विद्युत रचना आणि काटेकोर शीतन यांद्वारे हा आक्षेप बराचसा निकालात काढला.

जर्मनीतील नुर्बुर्गरिंगच्या उत्तर वळशावरील वेळा या प्रगतीचे माप म्हणून सांगितल्या जातात. २०१९ मध्ये टायकानच्या पूर्वावृत्तीने ७ मिनिटे ४२ सेकंद ही वेळ नोंदवली, पण ती २०.६ किलोमीटरच्या जुन्या मापावर होती. पुढील वेळा २०.८३२ किलोमीटरच्या पूर्ण फेरीच्या आहेत. २०२१ मध्ये प्लेडने ७ मिनिटे ३५.५७९ सेकंद, २०२२ मध्ये टायकान टर्बो एसने ७ मिनिटे ३३.३५ सेकंद, २०२३ मध्ये नव्या ब्रेक व टायरांसह प्लेडने ७ मिनिटे २५.२३१ सेकंद आणि त्यानंतर टायकान टर्बो जीटीने ७ मिनिटे ७.५५ सेकंद अशी वेळ दिली.

यातील शेवटची नोंद विशेष लक्षणीय आहे. विक्रम करणारी टायकान ‘वायसाख’ संचातील होती. या संचात मागची आसने काढून टाकलेली असतात आणि अन्य सामग्रीही कमी करून सुमारे ७५ किलोपर्यंत वजन घटवलेले असते. हजारांहून अधिक अश्वशक्ती हाताशी असताना उरलेले सेकंद वाचवण्यासाठी सेडानला सेडान म्हणवणारी आसनेच काढावी लागली. चॅपमन यांना यात नवल वाटले नसते.

चालकाचा अनुभव

हा विषय मोजमापात बसत नाही, तरी तुलनेतून तो वगळताही येत नाही. साहाय्यविरहित स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडबडीतपणा आणि टायरची सुटत चाललेली पकड हाताला कळते. गिअर बदलण्यात चालकाचे कौशल्य लागते आणि चूकही त्याचीच असते. कमी शक्तीच्या मोटारीत कायदेशीर वेगमर्यादेच्या आतही तिची पूर्ण ताकद वापरता येते. हजार अश्वशक्तीची सेडान सार्वजनिक रस्त्यावर दोन सेकंदांहून अधिक काळ पूर्ण जोराने चालवणे बेकायदा आणि धोकादायक ठरते.

उलट पक्षी, विद्युत सेडानचा तत्काळ प्रतिसाद, शांतता आणि गुळगुळीत गती हीही आनंदाचीच रूपे आहेत, आणि ज्यांना क्लच व गिअर हे ओझे वाटते त्यांच्यासाठी तीच सरस. सेडानमध्ये चार-पाच माणसे आणि त्यांचे सामान मावते, ती पावसात गळत नाही, तेल बदलावे लागत नाही. एलिसमध्ये तर उंबरठा ओलांडून आत बसणे हाच एक व्यायाम असतो. रोजच्या उपयोगाच्या कसोटीवर या दोहोंत स्पर्धाच नाही.

भारतातील स्थिती

भारतात हलक्या स्पोर्ट्स कारचा वर्ग कधीच रुजला नाही. विद्युत सेडान मात्र श्रीमंत ग्राहकांपर्यंत पोहोचल्या आहेत. पोर्शे टायकान नोव्हेंबर २०२१ मध्ये भारतात सादर झाली. मर्सिडीज-बेंझच्या ईक्यूएस ५८० या अडीच टनांहून जड विद्युत सेडानची जुळणी २०२२ पासून पुण्याजवळील चाकण येथे सुरू झाली. टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले भारतातील पहिले दालन उघडले, तथापि तेथे सुरुवातीस मॉडेल वाय ही उंच मोटारच ठेवण्यात आली.

हलक्या विद्युत मोटारींचे प्रयत्न

विद्युत मोटार हलकी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. एमजी सायबरस्टर ही दोन आसनी, उघड्या छताची विद्युत मोटार २०२३ मध्ये पुढे आली. जुलै २०२५ मध्ये ती भारतातही विक्रीस आली. रूपाने ती जुन्या रोडस्टरांच्या वंशातील असली, तरी तिच्या दोन मोटरींच्या आवृत्तीचे वजन दोन टनांच्या उंबरठ्यावर आहे. लोटस सेव्हनचा वारसा चालवणाऱ्या केटरहॅमने २०२३ मध्येच ‘प्रोजेक्ट व्ही’ ही संकल्पना-मोटार दाखवली. मागील आसावर एकच मोटर, ५५ किलोवॅट-तासांची माफक बॅटरी आणि लक्ष्यवजन १,१९० किलो, अशी तिची तेव्हाची आखणी होती. वजन राखण्यासाठी पल्ला आणि शक्ती या दोहोंना येथे जाणीवपूर्वक कात्री लावलेली दिसते.

खुद्द लोटसने वेगळा मार्ग धरला. २०१७ मध्ये चीनच्या जीली समूहाने या कंपनीचा बहुसंख्य हिस्सा घेतला. २०२१ मध्ये एलिसचे उत्पादन थांबले. २०२३ मध्ये लोटसने एमेया ही चार दारांची विद्युत मोटार सादर केली. तिच्या सर्वांत शक्तिमान आवृत्तीची शक्ती ९०५ अश्वशक्ती असून वजन सुमारे अडीच टन, म्हणजे तीन एलिसहून अधिक आहे. ती हेथेलला नव्हे, चीनमधील वुहान येथे तयार होते.